लेथ घ्यायचा की सीएनसी? उद्यमनगरातल्या आमच्या शेडमधला निर्णय

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलेलं. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली आले आणि आता गिऱ्हाईक, कोटेशन आणि हिशेब माझ्याकडे आहेत. शेडमध्ये दोन लेथ होते, म्हणजे नग फिरवून त्याला टूलनं कापणारी, हातानं चालवायची मशीनं. एक किर्लोस्करांचा टर्नमास्टर आणि एक पंजाबातल्या बटाल्याचा. शिवाय रेडियल ड्रिल, की-वे पाडायला स्लॉटिंग मशीन, पॉवर हॅक्सॉ, ग्राइंडर. काम दोन तऱ्हेचं. एक म्हणजे फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं, म्हणजे ओतीव नगांचं मशीनिंग, लॉटनं. दुसरं दुरुस्तीचं: साखर कारखान्यांची ऑफ-सीझनमधली कामं, गुऱ्हाळांच्या चरकाचे शाफ्ट, गनमेटलचे बुश, शेतीपंपांचं काहीबाही.

त्यातल्या एका कास्टिंगमुळे हा सगळा विषय निघाला. पंपाचं बेअरिंग हाउसिंग. फ्लँज, म्हणजे कडेची चपटी तबकडी, १२० मिलिमीटरची, आत ६२०६ नंबरचं बेअरिंग बसतं, म्हणजे बोअर, आतलं भोक, ६२ एच-७. एच-७ म्हणजे ६२.००० ते ६२.०३०, तीस मायक्रॉनची मोकळीक, त्याच्या बाहेर गेलं की नग रिजेक्ट. महिन्याला चारशे नग आम्ही लेथवर करून देत होतो. गिऱ्हाइकानं विचारलं, बाराशे द्याल का? आणि प्रत्येक लॉटबरोबर मोजमापाचा रिपोर्टही लागेल.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. अजून एक लेथ घेऊ, चांगला एचएमटीचा, लिलावातला एनएच-२६ मिळाला तर बघू, आणि एक टर्नर ठेवू. त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. जुन्या एचएमटीचा बेड अजूनही विश्वासाचा असतो आणि किंमत दोन-चार लाखांत बसते. अडचण टर्नरची होती. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नरचा कोर्स करून बाहेर पडणारी पोरं पुण्याला, चाकणला जातात. जे इथं राहतात त्यांनाही सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या मशीनवर बसायचं असतं, लेथवर उभं राहून हात काळे करायची तयारी फारशी कुणाची नाही. आमचे मिस्त्री तीसेक वर्षं लेथवर आहेत. त्यांच्या तोडीचा दुसरा माणूस शोधायला निघालं तर मशीन आधी मिळेल, माणूस नंतर.

माझ्या मनात सीएनसी होतं हे मी लपवत नव्हते. पण शेजारच्या गल्लीत सीएनसी घेऊन हप्त्यांखाली दबलेली दोन शेड रोज डोळ्यांसमोर दिसत होती. त्यामुळे आधी आपलंच काम मोजायचं ठरवलं.

मिस्त्रींची परवानगी घेऊन मी स्टॉपवॉच लावून त्यांच्या शेजारी उभी राहिले. हे नाजूक काम असतं, माणसाला वाटतं आपल्यावर पाळत ठेवली जातेय. म्हणून त्यांना स्पष्ट सांगितलं, तुमचा वेळ नाही मोजत, मशीनचा मोजते. एका हाउसिंगला सरासरी ११ मिनिटं लागत होती. त्यातलं टूल प्रत्यक्ष लोखंडात किती वेळ होतं? जेमतेम चार मिनिटं. बाकीची सात मिनिटं नग चकात, म्हणजे मशीनच्या जबड्यांत धरणं, डायल गेज लावून सेंटरला आणणं, टूलपोस्ट फिरवून टूल बदलणं, स्पीडचा लिव्हर बदलणं आणि सगळ्यात जास्त म्हणजे मोजणं यांत जात होती. शेवटच्या कटाआधी मिस्त्री बोअर गेज घालतात, डायलवर दोन रेघा पुढं घेतात, कट घेतात, परत मोजतात. तीस मायक्रॉनमध्ये नग बसवायचा तर हे टाळता येत नाही.

दुसरी गोष्ट स्पीडची. फ्लँजचं फेसिंग करताना, म्हणजे पुढची बाजू सपाट करताना, टूल बाहेरून आत येतं. कार्बाइड इन्सर्टला, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकाला, बिडावर (ओतीव लोखंडावर) मिनिटाला दीडशे मीटरचा कटिंग स्पीड द्यायचा, तर १२० व्यासावर सुमारे ४०० फेरे लागतात आणि ६२ वर आल्यावर ७७०. लेथवर मधेच गिअर बदलत नाही कुणी. एकच स्पीड धरून पूर्ण फेस मारला जातो, आणि बाहेरचा काठ आणि आतला काठ यांच्या फिनिशमध्ये फरक राहतो. सीएनसीच्या प्रोग्रॅममध्ये जी-९६ हा आदेश दिला की व्यास कमी होईल तसे फेरे आपोआप वाढतात. फक्त सेंटरजवळ फेरे बेफाम वाढू नयेत म्हणून आधी जी-५० देऊन कमाल मर्यादा बांधावी लागते.

हे आकडे घेऊन मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये फिरले. लोक मोकळेपणानं सांगतात, आपण मोकळेपणानं विचारलं तर. जवळजवळ प्रत्येकानं एकच विचारलं: "कास्टिंग कसं येतंय तुमचं?" मशीन कुठलं घेणार, कंट्रोलर कुठला, हे नंतर. तेव्हा मला या प्रश्नाचं वजन कळलं नव्हतं. ते ट्रायलच्या दिवशी कळलं.

मशीन विकणारे ट्रायल करून दाखवतात. ते सहसा त्यांच्याकडचा गोल बार घेऊन, झरझर चिप्स काढून, मायक्रॉनमध्ये आकडे दाखवून मोकळे होतात. आम्ही आमची कास्टिंग पोत्यात भरून नेली. मिस्त्रींनी मुद्दाम त्यात काही वाकडी घातली होती, कोअर (भोक राहावं म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) सरकलेली, एका बाजूला माल जास्त आणि एका बाजूला कमी. चांगले नग सुरेख झाले. चार मिनिटांच्या आसपास सायकल, नग काढणं-घालणं धरून साडेचार. बोअर आणि बाहेरचा स्पिगॉट, म्हणजे पुढे आलेला गोल कॉलर, एकाच धरणीत झाल्यामुळे दोघांचं सेंटर एकमेकांशी तंतोतंत. लेथवर दोन सेटिंगमध्ये हेच साधायला मिस्त्रींना प्रत्येक वेळी डायल लावावा लागतो.

वाकड्या नगांत मात्र बोअरच्या एका अंगाला काळं राहिलं. म्हणजे तिथं टूल पोचलंच नाही, कास्टिंगची मूळ कातडी तशीच. मिस्त्रींनी तो नग हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, "ह्यो मी फोर-जॉमध्ये, चार जबड्यांच्या चकात, जरा इकडं घेऊन वाचवला असता. ह्येला कोण सांगणार?"

माझ्या दृष्टीनं सगळ्या निर्णयाचं मर्म त्यांच्या या बोलण्यात होतं. लेथवर नग धरताना मिस्त्री त्याच्याकडे बघतात. माल कुठं जास्त आहे, कोअर कुठं सरकलाय, कुठं वाळू अडकलीय हे त्यांचा डोळा टिपतो आणि हात त्याप्रमाणे नग सरकवतो. हे काम हिशेबाच्या वहीत कुठंच दिसत नाही, कारण ते अकरा मिनिटांतच मिसळून गेलेलं असतं. सीएनसी नग जसा धरला तसाच मारणार. त्यामुळे तो डोळा नग मशीनवर चढायच्या आधीच कुठंतरी लावावा लागतो: फाउंड्रीत, फिक्श्चरमध्ये, जॉच्या आकारात. कसब कमी लागत नाही, फक्त त्याची जागा आणि वेळ बदलते. आणि ती बदलायची तयारी नसेल तर कितीही महागाचं मशीन आणा, रिजेक्शनचा ढीगच वाढतो.

म्हणून मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी मी आणि मिस्त्री फाउंड्रीत गेलो. फाउंड्रीचे मालक अण्णांच्या ओळखीतले, त्यामुळे बोलणं सोपं गेलं. आम्ही तीन गोष्टी मागितल्या. बोअरमध्ये माल सगळीकडे सारखा, बाजूला तीन मिलिमीटर. कोअर बसायच्या जागा पॅटर्नवर झिजल्या होत्या, त्या नव्यानं करून घेणं. आणि कास्टिंग साच्यातून घाईनं बाहेर काढू नये, कारण पातळ कडा लवकर थंड झाल्या की तिथं बीड कडक होतं, आणि अशा ठिकाणी इन्सर्टची टोकं उडतात. लेथवर असा कडक भाग लागला की मिस्त्रींना आवाजावरून कळतं, ते फीड कमी करतात. सीएनसीत दार बंद असतं आणि प्रोग्रॅम पुढं चालूच राहतो.

नग कुठून धरायचा हेही त्याच फेरीत ठरलं. आधी आम्ही बाहेरच्या व्यासावर धरत होतो. पण कोअर सरकली तर बाहेरचा व्यास आणि आतलं भोक एकमेकांशी जुळत नाहीत, आणि आम्हाला हवं असतं ते आतलं. मिस्त्रींनी सुचवलं, पहिल्या सेटिंगला आतून, कोअरच्या भोकात जॉ (चकाचे जबडे) उघडून धरू आणि बाहेरचा व्यास आणि फेस मारू. दुसऱ्या सेटिंगला त्या मारलेल्या व्यासावर धरून, फेसवर टेकवून बोअर आणि स्पिगॉट. मग बोअरमधला माल आपोआप सारखा वाटला जातो. इतका साधा आणि इतका मोठा बदल मशीन येण्याआधी कागदावर झाला, आणि तो प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या कुणी सुचवला नाही, आयुष्य लेथवर काढलेल्या माणसानं सुचवला.

आता पैशांचा हिशेब. आम्हाला आलेली सीएनसी टर्निंग सेंटरची कोटेशनं १५ ते २२ लाखांच्या दरम्यान होती. वर १८ टक्के जीएसटी, तो पुढे इनपुट क्रेडिटमध्ये वळता होतो, पण सुरुवातीला खिशातून जातो. टूल होल्डर, बोरिंग बार, सॉफ्ट जॉ, स्टॅबिलायझर, उतरवून घ्यायला हायड्रा क्रेन हे सगळं वेगळं. कर्ज १८ लाखांचं धरलं, पाच वर्षं, साडेदहा टक्के, तर हप्ता महिना सुमारे ३८,७०० रुपये.

एका पाळीत महिन्याचे २०८ तास. सेटिंग, जेवण, लाइट जाणं, नग न येणं वजा करून मी १७० धरले. हप्त्याचा बोजा तासाला २२७ रुपये. ऑपरेटरचा पगार वीस हजार धरला तर ११८. वीज, इन्सर्ट, तेल, जागेचा वाटा मिळून शंभर. बेरीज ४४५. या दरानं साडेचार मिनिटांच्या हाउसिंगला ३३ रुपये पडतात. आमच्या लेथचा खर्च तासाला १८० च्या आसपास आहे, त्यावर ११ मिनिटांचे होतात तेही ३३ रुपयेच! कागदावर ही जुळणी बघून मी वही अण्णांच्या पुढे सरकवली. एका पाळीत सीएनसीचा नग लेथपेक्षा एक रुपयाही स्वस्त पडत नव्हता.

दोन पाळ्यांत चित्र पालटतं. हप्ता तेवढाच राहतो पण तास दुप्पट, म्हणजे बोजा ११४ वर येतो आणि एकूण खर्च ३३२ वर. मग तोच नग २५ रुपयांत पडतो. पण दोन पाळ्या भरायला ३४० तासांचं काम हवं आणि बाराशे हाउसिंगला लागतात फक्त नव्वद तास. उरलेले अडीचशे तास कुठून आणायचे, याचं उत्तर मिळेपर्यंत सही करायची नाही असं आम्ही ठरवलं. जुन्या गिऱ्हाइकांना विचारलं. फ्लँज, पंप कव्हर, कपलिंग असे काही नग मिळाले, काही तोंडी आश्वासनं मिळाली. तोंडी आश्वासनं मी हिशेबात धरली नाहीत. खात्रीचं काम दीड पाळीपर्यंत पोचलं तेव्हा आम्ही पुढे गेलो.

छोट्या लॉटचाही हिशेब करून ठेवला होता. नवीन नग सीएनसीवर चढवायचा तर प्रोग्रॅम, जॉ बोअर करणं, टूलचे ऑफसेट घेणं, पहिला नग मोजणं यांत दोन तास सहज जातात. नगामागे आठ रुपये वाचणार असतील तर हे दोन तास भरून निघायला सत्तर-ऐंशी नग लागतात. एकदा केलेला नग परत आला तर प्रोग्रॅम आणि जॉ तयार असतात, मग आकडा बराच खाली येतो. पण गुऱ्हाळवाला तुटलेला शाफ्ट घेऊन दारात उभा आहे आणि त्याचा रस काहिलीत पडून आहे, तिथं सीएनसीचा विचारही करू नये. ते काम लेथचंच. म्हणून टर्नमास्टर ठेवायचा हे पहिल्या दिवसापासून नक्की होतं. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर काढली, तिथले लेथ आपल्या भागात गल्लोगल्ली पोचले, आणि नीट तेलपाणी केलेला टर्नमास्टर आजही हव्या त्या मापात शाफ्ट काढून देतो. बटाल्याचा लेथ आम्ही विकला, सीएनसीला जागा लागणार होती.

मशीन निवडताना सेकंडहँडचाही विचार झाला. निम्म्या किमतीत एक बघून आलो. वरून रंग नवा होता. मिस्त्रींनी डायल लावून स्पिंडलचा रन-आउट बघितला, तो ठीक होता. झेड ॲक्सिस पुढे-मागे करून तोच आकडा परत येतो का बघितलं, तिथं फरक पडत होता, म्हणजे बॉल स्क्रू, टूल पुढे-मागे नेणारा आटे असलेला दांडा, झिजलेला. पॅरामीटरचा बॅकअप मागितला तर विकणाऱ्याकडे नव्हता. कंट्रोलरची बॅटरी संपून मेमरी पुसली गेली आणि बॅकअप नसेल तर मशीन नुसतं उभं राहतं, हे ज्याच्यावर बेतलंय त्यानं मला सांगितलं होतं. सेकंडहँड घेणारे अनेक जण उत्तम चालवतात, पण पहिलंच सीएनसी जुनं घेऊ नये असं माझं ठाम मत झालं. मशीनमध्ये दोष आहे की आपल्या सेटिंगमध्ये, हे ओळखायलाच नवख्या माणसाला महिने लागतात.

फ्लॅट बेडचं स्वस्त सीएनसी आम्ही सोडलं, स्लँट बेड घेतलं. उतरत्या बेडवरून चिप्स खाली कन्व्हेयरमध्ये पडतात, सपाट बेडवर साठतात. टूलची हालचाल ज्यांवरून होते ते मार्ग बॉक्स-वेचे, म्हणजे घासत सरकणारे, की एलएम गाइडचे, म्हणजे गोळ्यांवर धावणारे, यावर मात्र बरेच दिवस चर्चा झाली. बॉक्स-वे जड कटाला आणि खडबडीत नगाला दणकट. एलएम गाइडचं मशीन हालचालीला वेगवान, सायकलचा वेळ कमी. आमचे नग दोन-अडीच किलोचे, कट फार जड नाही, म्हणून एलएम घेतलं. पण बिडाची भुकटी ही काचपेपरसारखी असते, कव्हर आणि वायपर नीट नसले तर गाइड खाऊन टाकते. त्यामुळे कव्हरची चौकशी मी इतकी केली की समोरचा माणूस कंटाळला. कंट्रोलर फानुकचा घेतला. सीमेन्सही चांगलाच आहे, पण आपल्या भागातल्या बहुतेक ऑपरेटरांचा हात फानुकवर बसलेला आहे आणि रात्री दहाला काही अडलं तर फोन करून विचारता येईल अशी माणसं जास्त आहेत.

कर्जाचं थोडक्यात सांगते. घर गहाण ठेवायचं नाही हा अण्णांचा आग्रह होता. सीजीटीएमएसई या छोट्या उद्योगांसाठीच्या हमी योजनेखाली तारण न देता कर्ज मिळतं, त्यासाठी वर्षाला हमी शुल्क लागतं. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मी वरचाच तासाचा हिशेब जोडला. बँकेच्या साहेबांनी सगळ्यात जास्त प्रश्न त्याच पानावर विचारले. विजेचं लक्षात ठेवण्यासारखं आहे: महावितरणच्या लघुदाब औद्योगिक जोडणीत २० किलोवॅटच्या आतला आणि वरचा असे दोन गट आहेत. मशीन आल्यावर आम्ही वरच्या गटात गेलो, मग मागणी आकार आणि पॉवर फॅक्टर यांच्याकडे लक्ष द्यावं लागतं. स्वतंत्र अर्थिंग मशीन यायच्या आधी करून घ्यावं.

मशीन आल्यावर मला काळजी होती ती मिस्त्रींची. ऑपरेटर म्हणून एक तरुण पोरगा ठेवला होता, आयटीआय झालेला, बटणं भराभर दाबणारा. मिस्त्री पहिले काही दिवस लांबून बघत होते. एक दिवस त्यांनी पोराला विचारलं, "क्रॉस स्लाइडला मी नेहमी एका बाजूनंच येतो, मागं जाऊन परत पुढं. न्हाईतर बॅकलॅश, आट्यातला ढिलेपणा, येतो. ह्येचा बॅकलॅश कुठं गेला?" पोराला उत्तर येईना. मी सांगितलं, बॉल स्क्रूमध्ये नट आधीच दाबून बसवलेला असतो, आणि जो उरतो तो कंट्रोलर भरून काढतो. मिस्त्रींनी मान हलवली आणि म्हणाले, "मग झिजंल तसा वाढणार. महिन्याला डायल लावून बघायला पायजे." आता ते दर महिन्याला बघतात आणि आकडा तारखेसह वहीत लिहितात. वेअर ऑफसेट, म्हणजे टूल झिजेल तशी मापात करायची दुरुस्ती, त्यांना समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. बोअर दोन मायक्रॉन, पाच मायक्रॉन मोठा-लहान करणं ते आयुष्यभर हातानंच करत आलेत, फक्त आता तो आकडा स्क्रीनवर टाकायचा.

त्यांच्यामुळेच एक गोष्ट माल बाहेर जाण्याआधी पकडली गेली. पहिल्या लॉटचे नग बोअर गेजवर बरोबर दाखवत होते, कुठूनही मोजा, ६२.०१५ च्या आसपास. मिस्त्रींनी खिशातून बेअरिंग काढलं आणि हातानं बसवायला गेले. बसेना. कारण असं होतं की हाउसिंगची भिंत पातळ आणि हायड्रॉलिक चकाचा दाब जास्त. तीन जॉ नगाला तीन ठिकाणी आत दाबतात, त्या अवस्थेत बोअर गोल कापला जातो आणि चक उघडला की नग मूळ आकाराला परततो, बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला तिकोनी बोअर कळत नाही, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या बाजूच्या खळग्याशी बरोबर जुळतो आणि व्यास सगळीकडे सारखाच दिसतो. तीन टोकांचा मायक्रोमीटर किंवा खुद्द बेअरिंग, हेच ते सांगतं. आम्ही चकाचा दाब कमी केला, सॉफ्ट जॉ, म्हणजे नगाच्या मापाला कापून घेता येणारे मऊ जबडे, रुंद करून नगाला जास्तीत जास्त कवेत घेतील असे बोअर केले, आणि फिनिशचा कट हलका ठेवला. तेव्हापासून प्रत्येक लॉटच्या पहिल्या नगात बेअरिंग घालून बघायचं हा नियम आहे, रिपोर्टात काहीही आकडा असो.

कूलंटचाही निर्णय बिडामुळे वेगळा घ्यावा लागला. लेथवर आम्ही बीड कोरडंच मारायचो. सीएनसीत कोरडं मारलं तर भुकटी हवेत उडते आणि सगळीकडे शिरते. कूलंट सोडलं तर भुकटी आणि पाणी मिळून टाकीत चिखल बसतो, पंप गुदमरतो. आम्ही कूलंट ठेवलं आणि टाकीत लोहचुंबक सोडले, दर शनिवारी टाकी उपसायची. कष्टाचं काम आहे, पण गाइड वाचतात.

सगळं मार्गी लागल्यावर नवाच अडथळा समोर आला. सीएनसीवरून नग भराभर उतरायला लागले आणि रेडियल ड्रिलसमोर ढीग साचला. फ्लँजवर चार होल आहेत, जिग (ड्रिलला नेमक्या जागी नेणारा साचा) लावून एकेक पाडायचे म्हणजे नगाला सहा मिनिटं. आधी लेथ ११ मिनिटांचा होता म्हणून हे कधी जाणवलंच नव्हतं. लगेच व्हीएमसीची, म्हणजे सीएनसी मिलिंग-ड्रिलिंग मशीनची, कोटेशनं यायला लागली, टर्निंग सेंटरपेक्षाही महाग. या वेळी अण्णांनीच वही मागून घेतली. होल चार, पीसीडी, म्हणजे होल ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास, ठरलेला, नग महिन्याला बाराशे, आणि व्हीएमसी होल पाडणार तेही एकामागून एकच. त्यांनी सुचवलं, पिलर ड्रिलला मल्टीस्पिंडल हेड लावू, चारही होल एका दाबात. हेड, जिग आणि वापरलेलं पिलर ड्रिल मिळून खर्च व्हीएमसीच्या दहाव्या हिश्श्यातही आला नाही. मिस्त्रींनी जिग स्वतः केला, कडक बुश घालून, मारलेल्या बोअरवर बसणारा. आता नगाला दोन मिनिटंही लागत नाहीत. पीसीडी बदलला की हे हेड उपयोगाचं नाही, म्हणून बाकीच्या फ्लँज आणि कव्हरना होल अजून रेडियलवरच पाडतो, आणि त्यांचे लॉट वाढले तर व्हीएमसीचा हिशेब पुन्हा मांडू.